सहा ओळींची रचना

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. मराठी शिकवणाऱ्या माणसाने काहीतरी लिहीत असलेच पाहिजे, असा लोकांचा एक भाबडा समज असतो. लग्नकार्यात कोणी ओळख करून दिली की पुढचा प्रश्न ठरलेला : "मग, सध्या काय लेखन चाललंय?" आजवर मी हसून वेळ मारून नेत आलो. यंदा मात्र माझ्याजवळ उत्तर आहे. यंदा मी सहा ओळींची एक रचना केली. तिच्यात यमक नाही, वृत्त नाही, रसाचा तर थेंबही नाही. पण तिला लाभलेला वाचक असा आहे की कोणत्याही कवीने हेवा करावा. तो एक अक्षर गाळत नाही, जांभई देत नाही, आणि एखादे अवतरणचिन्ह जागचे हलले तर पुढे वाचायलाच नकार देतो.

या रचनेचे नाव 'सेटएन्व्ह डॉट एसएच'. नाव काव्यमय नाही, हे मला कबूल आहे. आणि तिचा तो चोखंदळ वाचक म्हणजे टॉमकॅट नावाचा एक प्रोग्राम. जावा या भाषेत लिहिलेली कामे चालवायची आणि ती लोकांपुढे ब्राउझरमध्ये मांडायची, हा त्याचा उद्योग. टॉमकॅट म्हणजे बोका. त्याच्या मूळ कर्त्याने, जेम्स डंकन डेव्हिडसन याने, हे नाव ठेवले त्यामागे एक हौस होती. ओरायली या प्रकाशनाच्या पुस्तकांवर एखाद्या प्राण्याचे चित्र असते. आपल्या प्रोग्रामवर पुस्तक निघेल तेव्हा त्यावर बोका झळकावा, असे त्याच्या मनात होते. पुस्तक २००३ साली निघाले, आणि मुखपृष्ठावर आला हिमबिबट्या! लेखकाच्या मनात एक आणि मुखपृष्ठावर दुसरेच, हा अनुभव मराठी लेखकांना काही नवा नाही.

तुम्ही म्हणाल, मराठीच्या मास्तराला या बोक्याशी काय कर्तव्य? तर ती हकीकत अशी.

आमच्या विभागात चार वर्षांपूर्वी एक उपक्रम सुरू झाला. मुळशी-मावळातून आमच्याकडे बऱ्याच मुली शिकायला येतात. त्यांनी सुट्टीत घरी जावे, आजीकडून, आत्याकडून जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात, छापील फॉर्मवर लिहून आणाव्यात, असे ठरले. जाती आता दारात तुळशीजवळ पडली आहेत, पण म्हाताऱ्यांच्या तोंडी ओव्या अजून आहेत. बघता बघता तीन हजारांच्या वर फॉर्म जमले. ते ठेवायला कपाट पुरेना. तेव्हा आमचाच एक जुना विद्यार्थी पुढे आला. त्याने बी. ए. मराठीला केले आणि नंतर पोटासाठी संगणकाकडे वळला. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या एका संगणकावर त्याने टॉमकॅट बसवला, वर स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्राम चढवला, आणि मुली तिथे बसून ओव्या टंकू लागल्या. एकेक ओवी म्हणजे एकेक फाईल. नोंद केली की पडद्यावर अक्षरे उमटत : 'नोंद झाली. तुमची ओवी सुरक्षित आहे.'

तो मुलगा गेल्या वर्षीच्या जूनमध्ये परदेशी नोकरीला गेला. जाताना म्हणाला, "सर, सगळं चालू आहे. फक्त एक फाईल करायची राहिली आहे. मी आठवड्यात फोन करतो, आपण करून टाकू. विसरलो तर आठवण करा." मी ते डायरीत टिपून ठेवले. त्याच पानावर गॅसचा सिलिंडर आणि चष्म्याची काच या दोन नोंदी होत्या. सिलिंडर आला, काच बसली. फाईल राहिली.

यंत्र मात्र चौदा महिने अखंड चालले. या श्रावणात एका रात्री वीज गेली. यूपीएसच्या बॅटरीने कधीच मान टाकली होती, हे तेव्हा कळले. सकाळी ग्रंथालयातल्या शिपायाने बटण दाबले, यंत्र उठले, टॉमकॅट आपोआप उठला (तेवढी सोय त्या मुलाने करून ठेवली होती), आणि कोणालाच काही वावगे वाटले नाही. गणपतीच्या आधीचे नऊ दिवस दोन मुलींनी बसून १८६ ओव्या घातल्या. प्रत्येक वेळी पडद्याने तेच आश्वासन दिले. जुन्या ओव्या उघडून बघायचे कोणाला कारण पडले नाही, मलाही नाही.

दहाव्या दिवशी एका परिसंवादासाठी मला उदाहरणे हवी होती म्हणून मी यादी उघडली. यादीत मराठीचे एक अक्षर नव्हते! जुन्या ओव्यांच्या जागी काळ्या चौकटींत कोंबलेली प्रश्नचिन्हे, एका अक्षरामागे तीन-तीन. आणि नव्या १८६ ओव्यांच्या जागी साधी, उघडी प्रश्नचिन्हे. ओळीच्या ओळी, पानेच्या पाने. आयुष्यभर मी मुलांना प्रश्न विचारले. त्या सगळ्यांनी मिळून उलट मलाच विचारावे, तसे मला वाटले.

रात्री फोन लागला. मी सगळे सांगितल्यावर तो म्हणाला, "सर, मध्ये मशीन बंद पडलं होतं का?"

"श्रावणात एकदा वीज गेली होती."

थोडा वेळ तिकडून काहीच आले नाही. मग तो हळूच म्हणाला, "सर, ती फाईल आपण केलीच नाही."

त्या 'आपण'मध्ये त्याने स्वतःला माझ्या शेजारी उभे केले, हे त्याचे सौजन्य. चूक कोणाच्या डायरीत पडून होती ते मला ठाऊक होते.

मग त्याने मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. यंत्रातला प्रत्येक प्रोग्राम दुसऱ्या कोणत्यातरी प्रोग्रामच्या पोटी जन्मतो. जन्मताना त्याला आईबापांजवळच्या काही चिठ्ठ्यांची नक्कल मिळते : तुझी भाषा ही, तुझे घर अमुक ठिकाणी, वगैरे. या चिठ्ठ्यांच्या गाठोड्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. कोशात याला 'पर्यावरण' हा शब्द सापडेल, पण मला त्यापेक्षा 'घरचे वळण' बरे वाटते. हे वळण वरून खाली जाते, खालून वर कधीच जात नाही. मुलगा बाहेर जाऊन कितीही शिकला तरी ते बापाच्या डोक्यात शिरत नाही. याबाबतीत यंत्र आणि आमचे घर यांत फरक नाही.

आता, त्या मुलाने पहिल्यांदा टॉमकॅट सुरू केला तो स्वतःच्या हाताने, आदल्या ओळीत 'लिपी यूटीएफ-८ धर' असे टंकून. तोंडी सांगितल्यासारखेच ते. टॉमकॅट जिवंत होता तोवर त्याने ते लक्षात ठेवले. वीज गेली, तो मेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जन्मला तेव्हा जवळ कोणी नव्हते. त्याने यंत्रालाच विचारले, आपली लिपी कोणती? यंत्राने आपल्या जन्मजात समजुतीप्रमाणे एका अमेरिकन मानकाचे नाव सांगितले. त्या नावातच १९६८ हे साल आहे. त्या मानकात चिन्हे सगळी मिळून १२८. त्यात 'अ' नाही की 'ज्ञ' नाही. जे अक्षर आपल्या लिपीत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहावे, हा जावाचा नियम. तिने तो इमानेइतबारे पाळला.

यूटीएफ-८ ही मांडणी १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी बसवली. न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत, ताटाखालच्या कागदावर. जगातल्या सगळ्या लिपी तिच्यात मावतात. आपल्या देवनागरीचे एकेक चिन्ह तीन घरे घेते. काळ्या चौकटी तीन-तीन का होत्या, याचा उलगडा इथे होतो. त्या जुन्या ओव्या फायलींत शाबूत होत्या, वाचणाराच आंधळा झाला होता. नव्या १८६ ओव्यांची गोष्ट वेगळी. त्या लिहितानाच प्रश्नचिन्हे लिहिली गेली होती. "त्या परत येणार नाहीत, सर," तो म्हणाला. "आणि फायली लिहिताना लिपी कोणती ते प्रोग्राममध्येच सांगायला हवं होतं. तेवढी चूक माझी."

त्यापैकी १४५ ओव्यांचे फॉर्म कपाटात होते. उरल्या एक्केचाळीस. त्या एका मुलीच्या आजीच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हातारी शहरात आली होती. नातीने तिला हौसेने ग्रंथालयात आणले, यंत्रापुढे बसवले. आजी गात होती आणि नात थेट टंकत होती. फोनवर आवाज का धरला नाही, असे मी विचारले, तर नात म्हणाली, "धरून बघितला सर. फोन पुढे केला की तिला ओवीच आठवत नाही. म्हणते, त्यो डोळा वटारून बघतो."

त्या रात्री मी फाईल करायला बसलो. तो परदेशात, मी इथे, मध्ये फोन.

पहिली शंका मी विचारली ती अशी : टॉमकॅट ज्याच्याकडून सुरू होतो ती 'कॅटलिना डॉट एसएच' ही फाईल आधीच आहे, मग तिच्यातच चार ओळी का घालू नयेत? तो म्हणाला, नाही. ती वाड्याच्या मालकाची. उद्या टॉमकॅटची नवी आवृत्ती आली की मालक वाडा रंगवून काढील, आणि भिंतीवर तुम्ही लिहिलेले सगळे जाईल. आपल्यासाठी कोरी जागा ठेवलेली आहे, तिचेच नाव सेटएन्व्ह. ती मुळात नसतेच. आपण केली तर असते. आणि असली तर कॅटलिना सुरुवातीलाच ती आपल्यात वाचून घेते.

वाड्याची उपमा माझी, पण ती त्याला इतकी पटली की पुढे आम्ही तिच्यातच बोलू लागलो. कॅटलिना होम म्हणजे वाडा आणि कॅटलिना बेस म्हणजे आपले बिऱ्हाड. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहू शकतात. टॉमकॅट एकदाच बसवायचा आणि प्रत्येकाने आपापला संसार वेगळा मांडायचा. सेटएन्व्ह आधी बिऱ्हाडात शोधली जाते, तिथे नसेल तर वाड्यात. मी उत्साहाच्या भरात या दोन्ही जागांचे पत्तेसुद्धा त्याच फाईलमध्ये लिहायला निघालो. तो हसला. "सर, ती चिठ्ठी ज्या फडताळात आहे ते फडताळ कुठे आहे, हे त्याच चिठ्ठीत लिहिणार?"

मग आली जावा. आपल्याकडे जावा म्हणजे दोन भावांच्या बायका, आणि एका घरात दोन जावा म्हणजे काय ते मी सांगायला नको. आमच्या यंत्रात नेमके तेच झाले होते. एक जावा आठवी, आमच्या प्रोग्रामची. आणि दुसरी सतरावी, भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या तासासाठी मागाहून आणलेली. स्वयंपाकघर कोणाच्या ताब्यात, हे सांगितले नाही तर जी हाताशी सापडेल तिला टॉमकॅट कामाला लावतो. ते सांगायची ओळ म्हणजे 'जावा होम'. मी तिथे आठवीचा पत्ता दिला. गंमत अशी की मार्च २००२ नव्हे, मार्च २०२२ मध्ये आलेल्या अठराव्या जावेपासून, कोणी काही सांगितले नाही तरी लिपी यूटीएफ-८ च धरावी असे ठरले आहे. आमच्या प्राध्यापकमहाशयांनी एकच पायरी वरची जावा आणली असती, तर मला ही रात्र जागावी लागली नसती!

तिसरी ओळ स्मरणशक्तीची : कमीत कमी २५६ मेगाबाइट, जास्तीत जास्त एक गिगाबाइट. ही ओळ 'जावा ऑप्ट्स' या नावाखाली लिहू नका, 'कॅटलिना ऑप्ट्स'खाली लिहा, असे त्याने बजावले. कारण टॉमकॅटला थांबवायचे असते तेव्हा एक दुसरी छोटी जावा जन्माला येते आणि ८००५ क्रमांकाच्या दाराशी जाऊन 'शटडाउन' एवढा निरोप देऊन मरते. जावा ऑप्ट्समध्ये लिहिलेले तिलाही लागू होते, कॅटलिना ऑप्ट्समधले होत नाही. निरोप सांगायला आलेल्या माणसाला पंक्तीचे ताट कशाला?

चौथी ओळ लिपीची. तीच ती. पाचवी वेळेची, कारण आमच्या सगळ्या नोंदी ग्रीनिचच्या घड्याळाने पडत होत्या. पहाटे पाचला उठून एका मुलीने पाठवलेली ओवी आदल्या रात्री साडेअकराची दिसे. सहावी फायलींच्या नावांसाठी, कारण आतला मजकूर सुधारला तरी मराठी नावाची फाईल उघडताना जावा पुन्हा यंत्राच्या तोंडाकडे बघते.

एवढे लिहायला मला किती वेळ लागावा? पावणेतीन तास. सवयीप्रमाणे मी मजकूर आधी वर्डमध्ये लिहिला. वर्डने माझी सरळ अवतरणचिन्हे सुबकपणे वाकवून दिली. टॉमकॅटला वाकडी चालत नाहीत. ती सरळ केली, तर बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मी मोकळी जागा सोडली होती. मुद्रणात ती शोभते, इथे तिच्याने वाक्य तुटते. तेही सुधारले, तर यंत्र म्हणू लागले की जावा त्या पत्त्यावर नाही. पत्ता तर बरोबर! मी चष्मा पुसून तीन वेळा वाचला. शेवटी निघाले असे की माझ्या विंडोजच्या संगणकाने प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारे एक जादा चिन्ह ठेवले होते, आणि ते पत्त्याला चिकटले होते. उत्तरपत्रिकांतल्या अनुस्वारांवरून मी मुलांचे अर्धे अर्धे गुण कापतो. त्या रात्री मला माझ्यासारखाच परीक्षक भेटला, आणि त्याने मला तीनदा नापास केले.

सौभाग्यवती मध्येच पाणी प्यायला उठली होती. म्हणाली, "अहो, दोन वाजले. एवढं काय लिहिताय?"

"सहा ओळी," मी म्हणालो.

"कविता?"

"छे. घरचं वळण."

ती काही न बोलता आत गेली. लग्नाला एकवीस वर्षे झाली की अशी उत्तरे पचतात.

टॉमकॅट उठला. काळ्या चौकटी गेल्या आणि तीन हजार ओव्या जशाच्या तशा पडद्यावर आल्या. मी मुद्दाम यंत्राचे बटण बंद केले, पाच मिनिटे अंधारात बसलो, पुन्हा लावले. पुन्हा आल्या. फोनवर तो म्हणाला, "आता मी असलो नसलो तरी चालेल, सर." माझ्या पोटात कसेसेच झाले.

एक्केचाळीस ओळी मात्र प्रश्नचिन्हेच राहिल्या. त्या मी कागदावर छापून घेतल्या आणि न्याहाळू लागलो. तेव्हा ध्यानात आले की शब्दांमधल्या मोकळ्या जागा शिल्लक आहेत आणि प्रत्येक चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह आहे. काना एक, मात्रा एक, अनुस्वार एक, जोडाक्षराच्या पोटातला हलन्तसुद्धा एक. म्हणजे 'आई'ची दोन आणि 'ज्ञानेश्वर'ची दहा! माझ्यातला संशोधक जागा झाला. दोन रात्री मी मोजदाद करत बसलो. एका ओवीत पाच चिन्हांचा शब्द तीनदा आला होता. पाच म्हणजे 'पंढरी', यात शंका कसली? मी बाजूला पेन्सिलीने 'पंढरी' लिहिले, आणि त्या ओवीवर मनातल्या मनात एक परिच्छेदही रचला.

पुढच्या रविवारी नातीबरोबर आजीच्या गावी गेलो. आजी ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर अजून काळा चष्मा. मी कागद पुढे केला. तिला वाचता येत नाही. तिने तो डोळ्यांजवळ धरला, निरखला आणि नातीला म्हणाली, "ह्ये इळं कुणी काढलं गं? येवढ्या इळ्यांनी काय कापायचं हाय?"

मी झालेला प्रकार सांगितला. विजेचे तिला लगेच पटले. तिच्या गावात ती रोज जाते. मी अपराध्यासारखा म्हणालो, "आजी, चूक माझी झाली. त्या ओव्या पुन्हा सांगाल का?"

"सांगंन की. पर त्याच कशा येतील, मास्तर? त्या दिशी आल्या त्या त्या दिशीच्या."

तरीही ती गायला लागली. नात म्हणेल तशी नाही, स्वतःच्या मनाने. मी कागद मांडीवर घेऊन चिन्हे मोजत होतो आणि एखादी ओळ जुळली की खूण करत होतो. नात या खेपेला वहीत लिहीत होती. तास-दीड तासाने ती पाच चिन्हांची ओवी आली. माझी पेन्सिल 'पंढरी'वरच होती.

आजीच्या ओवीत 'नाचणी' होती. तीनदा. न, काना, च, ण आणि दुसरी वेलांटी : पाच. मुळशीच्या डोंगरातली बाई जात्यावर बसून काय दळत असेल, हे माझ्या मनातसुद्धा आले नव्हते. मी 'पंढरी' खोडले, आणि तो परिच्छेदही.

आजीने त्या दिवशी साठाच्या वर ओव्या म्हटल्या. त्यातल्या एकोणतीस माझ्या कागदावरच्या चिन्हांशी एकास एक जुळल्या. काही जवळ आल्या, पण एखादा शब्द लांब निघाला. तिने त्या दिवशी तसे म्हटले होते की आज बदलले, हे तिलाही सांगता येईना. नव्या म्हणून त्या वेगळ्या नोंदवल्या आहेत. ग्रंथपाल म्हणतात, उरलेल्या बारा नोंदी आता काढून टाका, यादीत वाईट दिसतात. मी काढू दिल्या नाहीत.

यूपीएसला नवी बॅटरी आली आहे. आजीच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर ठरले आहे. ती आली की पुन्हा ग्रंथालयात येऊन बसणार आहे. तिच्या खुर्चीसमोर, यंत्राच्या अंगाला, मी त्या बारा ओळी छापून चिकटवून ठेवल्या आहेत, आणि शेजारी टोक केलेली पेन्सिल.